खुले जग, बंद दार

'असॅसिन्स क्रीड शॅडोज' हा २०२५ सालचा खेळ आम्ही चाळीसगावच्या घरी, दार लावून, सुरू केला. सोळाव्या शतकातले जपान. नाओए छपरांवरून निःशब्द धावते, धिप्पाड यासुके दारे फोडत शिरतो, ऋतू पालटतात. पहिल्या आठवड्यात लढण्यापेक्षा आम्ही बर्फच अधिक पाहिला.

तेव्हा केकी मूस आठवले. याच गावात, वर्षानुवर्षे घराबाहेर न पडता, त्यांनी टेबलावर निसर्गदृश्ये रचून छायाचित्रे टिपली. १९८९ साली ते गेले. बंद दाराआड त्यांनी जग घडवले. आम्ही मात्र दुसऱ्याने घडवलेल्या 'खुल्या' जगात नुसते भटकलो.

खेळ थांबवला. जवळच्याच पाटणादेवीच्या डोंगरात शेवटचे कधी गेलो होतो, ते काही केल्या आठवेना.