कुंभारवाड्यात भरलेला मातीचा वर्ग

सायन स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडून नव्वद फुटी रस्त्याने धारावीत चालत निघाले, की थोड्याच वेळात कुंभारवाडा लागतो. पाटी शोधावी लागत नाही. रस्त्याच्या कडेला माठ, कुंड्या, धूपदाण्या आणि पणत्या यांच्या राशी दिसू लागतात, आणि भट्ट्यांच्या धुराचा वास येतो. उन्हाळा आला की माठासाठी आणि दिवाळीच्या आधी पणत्यांसाठी आपल्यापैकी किती तरी जण येथे येऊन गेलेले असतील. पण माठ घेऊन परत जाणे वेगळे आणि सहावी-सातवीची मुले घेऊन तेथे शिकायला जाणे वेगळे. मी एका माध्यमिक शाळेत कार्यानुभव हा विषय शिकवते. आमच्या वर्गाने केलेल्या या छोट्या प्रवासाची हकीकत आपल्या घरांतील आईवडिलांपुढे ठेवावी असे वाटले, म्हणून हे लिहीत आहे.

कुंभारवाड्यातील बहुतेक घराणी मूळची सौराष्ट्रातली. गिरगाव-खेतवाडीच्या बाजूला ‘कुंभारवाडा’ हे नाव मुंबईत आजही आहे. शहर वाढत गेले तसा हा धूर काढणारा धंदा गावाबाहेर ढकलला गेला आणि १९३०च्या दशकात ही मंडळी धारावीत येऊन स्थिरावली. गल्लीत शिरले की घराच्या पुढच्या भागात चाक आणि मातीचा ढीग, आणि मागे किंवा माळ्यावर राहण्याची जागा, अशी रचना दिसते. मधल्या मोकळ्या जागेत विटांच्या भट्ट्या आहेत. लाकडाचे तुकडे, सुताच्या आणि कापडाच्या चिंध्या हे त्यांचे जळण. पूर्वी दांड्याने फिरवायचे ते चाक आता बहुतेक ठिकाणी विजेच्या मोटारीवर फिरते. माती भिजवणे, मळणे, कच्ची भांडी उन्हा-सावलीत हलवणे, पणत्या रंगवणे या कामांत बायकांचे हात सर्वत्र दिसतात. चाकावर मात्र बहुधा पुरुष बसलेला असतो. आमच्या वर्गातील एका मुलीने हे पहिल्या दहा मिनिटांतच हेरले आणि विचारले, “काका, काकू चाकावर का नाही बसत?” काका हसले. काकू म्हणाल्या, “विचार, विचार. अजून मोठ्याने विचार.”

येथे येण्यापूर्वी आमचा मातीचा वर्ग शाळेतच सुरू झाला होता. मुलांच्या हातात प्रथम चाक देऊ नये, हे मी अनुभवाने सांगते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाताला आधी माती कळावी लागते. म्हणून पहिल्या तासाला फक्त माती तिंबायची. दुसऱ्या तासाला लिंबाएवढा गोळा घेऊन त्यात अंगठा रुतवायचा आणि चिमटीने कड वाढवत वाटी करायची. तिसऱ्या तासाला मातीच्या वळ्या करून एकावर एक रचायच्या. चौथ्याला पोळीसारखी माती लाटून तिच्या पट्ट्यांची चौकोनी डबी करायची. दोन भाग जोडताना दोन्हीकडे काडीने रेघोट्या मारायच्या, पातळ कालवलेली माती लावायची आणि मग दाबायचे. नुसते चिकटवलेले कान सुकताना गळून पडतात. भिंत करंगळीच्या जाडीपेक्षा जाड नको आणि वाळवणे सावलीत, सावकाश. घाईने उन्हात ठेवलेले भांडे एका बाजूने आक्रसते आणि तडकते.

यात शास्त्र भरपूर आहे. ओल्या मातीच्या वजनात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पाणी असते. ते निघून गेले की भांडे लहान होते. मुलांनी पट्टीने मोजून वहीत लिहिले, तेव्हा टक्केवारीचे गणित पहिल्यांदाच त्यांच्या हाताला लागले. माठातले पाणी गार का होते आणि लोणच्याच्या बरणीतले का होत नाही? माठाच्या अंगाला बारीक छिद्रे असतात. त्यातून पाणी झिरपते, बाहेर त्याची वाफ होते आणि वाफ होताना उष्णता निघून जाते. बरणीवर झिलई असते. झिलई म्हणजे काचच. ती छिद्रे बुजवते. विज्ञानाच्या पुस्तकातील बाष्पीभवनाचा धडा मुलांनी यापूर्वी पाठ केला होता. आता तो त्यांना दिसला.

कुंभारवाड्यात जाण्यासाठी घरी चिठ्ठ्या पाठवल्या आणि दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील शाळेत आले. ते सफाई खात्यात काम करतात. शांतपणे म्हणाले, “बाई, गळ्यातलं मडकं उतरवायला आमच्या किती पिढ्या गेल्या. आम्ही घाणीत हात घालतो तो पोरीच्या हातात पेन यावं म्हणून. आणि तुम्ही तिला मडकी करायला शिकवता?”

वाचकहो, हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके अडकवावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात नोंदवले आहे. त्याच ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की जातीने नुसती कामे वाटलेली नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून वरखाली रचली आहेत. आणि शाळेच्या नावाखाली बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधण्याचा प्रयत्न स्वातंत्र्यानंतरही झाला. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी मुख्यमंत्री असताना अशी योजना आली, की मुलाने अर्धा दिवस शाळेत शिकावे आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा. पेरियार आणि इतरांनी तिला कडाडून विरोध केला आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. आता २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना सुतारकाम, बागकाम, कुंभारकाम अशा हस्तकौशल्यांची ओळख करून द्यावी आणि दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवावे असे म्हटले आहे. तेव्हा हा प्रश्न एका बापापुरता राहिलेला नाही. आपल्या प्रत्येक घरात तो येणार आहे.

मी त्या गृहस्थांना म्हटले, “दादा, तुमचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच विचारा, हे कुणाला शिकवता?” त्यांनी तेच विचारले. वर्गात डॉक्टरांचा मुलगा आहे, रिक्षावाल्यांची मुलगी आहे, सर्व जातिधर्मांची मुले आहेत. सगळ्यांच्या हाताला तीच माती लागते. एकालाही सूट नाही. तास संपल्यावर फरशी मुलगे आणि मुली पाळीपाळीने पुसतात. त्यांनी आणखी विचारले, “यामुळे गणित-इंग्रजीचा तास बुडतो का?” बुडत नाही, हे वेळापत्रक दाखवून सांगितले. ते लगेच राजी झाले असे नाही. पण चिठ्ठीवर सही करून गेले.

कुंभारवाड्यात आम्ही गेलो ते मुलांची वाळलेली भांडी भाजून घेण्यासाठी. ज्यांच्या भट्टीत भाजायची होती ते काका साठीच्या पुढचे. त्यांनी प्रत्येक भांडे उचलून गालाला लावून पाहिले. “बेन, गालाला गार लागलं की समजायचं आत पाणी आहे.” अशी सात भांडी त्यांनी बाजूला काढली आणि पुढच्या भट्टीला ठेवली. एका मुलाचा हत्ती मात्र बाहेरून कोरडा आणि पोटात भरीव होता. तो भट्टीत फुटला. मुलगा रडवेला झाला. मग त्यालाच फळ्यावर कारण लिहायला सांगितले. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. जाड मातीतून तिला वाट मिळाली नाही, म्हणून हत्ती फुटला. पुढचा हत्ती त्याने पोकळ केला आणि पोटाखाली छिद्र ठेवले.

भट्टीतून निघालेली लाल वाटी हातात घेऊन एका मुलीने विचारले, “ही परत पाण्यात टाकली तर?” टाकून पाहिली. विरघळली नाही. पाचशे-सहाशे अंशांच्या सुमारास मातीच्या कणांत बांधलेले पाणीही निघून जाते आणि मग ती पुन्हा चिखल होत नाही.

जेवणाच्या सुट्टीत काकांना विचारले, तुमची मुले हा धंदा करतात का? म्हणाले, थोरला चाकावर बसतो, धाकटा हिशेबाच्या ऑफिसात आहे. “जो बसला तो आवडीने बसला. दुसऱ्याला मी ओढला नाही.” मग भट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, “पण आवडणाऱ्याला तरी जागा राहू दे.” धारावीच्या पुनर्विकासाची बोली २०२२ साली ठरली. भट्टीला उघडी जागा लागते, धुराचाही बंदोबस्त व्हायला हवा आणि बहुमजली इमारतीत भट्टी कशी नेणार, हा कुंभारवाड्याचा प्रश्न आहे. कामाची जागा गेली की घराचे काय होते, हे गिरण्या बंद पडलेल्या पाहिलेल्या आपल्या कुटुंबांना वेगळे सांगायला नको.

परतल्यावर पुढच्या आठवड्यात मुलांना फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेले. सिंधमधील मीरपूरखास येथील ‘काहू-जो-दडो’ या स्तूपातील भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती तेथे आहेत. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या मूर्ती. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझन्स यांनी तेथे उत्खनन केले. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, म्हणून त्या मुंबईत आल्या. ध्यानस्थ बसलेल्या तथागतांसमोर मुले आधी हात जोडून उभी राहिली. मग हत्तीवाला मुलगा हळूच म्हणाला, “बाई, एवढी मोठी मूर्ती भाजताना फुटली कशी नाही?” मातीत हात घातला नसता तर हा प्रश्न त्याला सुचला नसता. ज्या कारागिरांनी ती घडवली त्यांची नावे कोठेही नाहीत. पण त्यांना किती माहीत होते, हे आता या मुलाला कळले आहे.

वर्षाच्या शेवटी शाळेत भांडी मांडली, तेव्हा ते सफाई खात्यातले वडीलही आले. मुलीने केलेले छोटे मडके त्यांनी दोन्ही हातांत घेतले, फिरवून पाहिले आणि तिला विचारले, “मोठी होऊन हेच करणार?” ती म्हणाली, “नाही, मला इंजिनीयर व्हायचंय. पण हे मला येतं.” ते माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, एवढंच ऐकायचं होतं.”

पालक बंधुभगिनींनो, आपल्या मुलांच्या शाळेत मातीकाम सुरू झाले तर विरोध करण्याआधी चार गोष्टी विचारा. ते सर्व मुलांना आहे की काहींनाच? मुलाला काम वाटून देताना बापाचा धंदा पाहिला जातो का? त्यासोबत शास्त्र शिकवतात का? आणि शिकवायला आलेल्या कारागिराला खुर्ची आणि मोबदला देतात का? उत्तरे नीट मिळाली तर मुलाला खुशाल जाऊ द्या. नाही मिळाली तर पालकसभेत उभे राहून बोला.

घरी करून पाहायचे असेल तर चाळीच्या गॅलरीतही होते. कुंभाराकडून तयार माती आणा, ओल्या फडक्यात आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. सुकलेल्या मातीची धूळ झाडूने उडवू नका. ती फुप्फुसाला वाईट. ओल्या फडक्याने पुसा. शिसे असलेली झिलई किंवा रंग मुलांच्या हातात देऊ नका. आणि भाजायला कुंभारवाड्यात न्याल तेव्हा त्यांची मजुरी विचारून आधी द्या, घासाघीस करू नका. मुलगा असो वा मुलगी, पहिली वाटी वाकडीच होते. ती फेकू नका, फळीवर ठेवा. दुसरी वाटी करताना तिच्याकडे पाहून मुलालाच कळेल कोठे सुधारायचे ते.