समजा

‘समजणे’ या क्रियापदाचा मराठीत दोन प्रकारे उपयोग होतो. एखादी गोष्ट मनात नीट उतरली म्हणजे ती समजली असे आपण म्हणतो. आणि जी गोष्ट मुळीच ठाऊक नाही, ती घटकाभर धरून चालावयाचे असले म्हणजेही आपण ‘समजा’ असेच म्हणतो. अंकगणिताच्या पुस्तकाला या दुसऱ्या ‘समजा’ची फारशी गरज पडत नाही. बीजगणिताचे पुस्तक मात्र त्यावाचून पानभरही पुढे सरकत नाही, आणि पुष्कळ मुलांची गाडी रुतते ती नेमकी तेथेच.

१९५७ सालच्या जून महिन्यात, तालुक्याच्या गावच्या हायस्कुलात आठवीच्या वर्गात येऊन बसलेल्या एका मुलाची गाडी अशीच रुतली. तो मंद बुद्धीचा नव्हता. पेठेत त्याच्या आजोबांचे किराणा मालाचे दुकान होते, आणि पाटीवर मुळाक्षरे गिरवण्याच्या आधीच तो त्यांच्या मांडीवर बसून पाढे म्हणू लागला होता. तीसपर्यंतचे पाढे झाले, की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि थेट औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, अशी सारी उजळणी रोज तिन्हीसांजेला दिव्याजवळ बसून म्हणावी लागे.

अडीचाचा पाढा कशाला पाठ करावयाचा, असे आज कोणासही वाटेल. परंतु त्या काळी मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा. अडीच रुपयांचे आणेही चाळीसच होतात. तेव्हा मणाला अडीच रुपये भाव असला, तर शेराला एक आणा पडणार हे उघड आहे. तांदळाचा भाव मणाला वीस रुपये असला, की आजोबा वीसमध्ये अडीच किती वेळा ते मनातल्या मनात पाहत आणि गिऱ्हाइकाने पिशवी उघडण्यापूर्वीच ‘शेर आठ आण्यांना’ म्हणून सांगून मोकळे होत. नातवालाही ते जमे. आपल्याला गणित येते, याविषयी त्याच्या मनात कधी शंका उत्पन्न झाली नव्हती.

आणि मग एके दिवशी गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर लिहिले : ‘समजा, ती संख्या क्ष आहे.’ त्या काळच्या मराठी पुस्तकांत अज्ञात संख्येसाठी ‘क्ष’ हे अक्षर वापरीत. मुलाने हात वर करून विचारले, ‘‘मास्तर, क्ष म्हणजे किती?’’

सारा वर्ग हसला. मास्तरही थोडेसे हसले व म्हणाले, ‘‘अरे, तेच तर काढावयाचे आहे!’’

मास्तरांचे उत्तर खोटे नव्हते. पण मुलाचे त्याने समाधान झाले नाही. जे अजून काढावयाचे आहे, ते आधीच फळ्यावर लिहून कसे टाकता येईल? खरे पाहता हा प्रश्न हसण्यासारखा मुळीच नव्हता. न सापडलेल्या वस्तूला नाव देऊन, ती सापडल्याप्रमाणे तिच्याशी व्यवहार करावयाचा, ही कल्पना माणसालाही एका दिवसात सुचलेली नाही. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजा-गुणाकारांचे नियम सांगितले. धन म्हणजे जवळचे द्रव्य आणि ऋण म्हणजे कर्ज, ही नावेही व्यवहारातलीच. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणितावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अंकगणित हे त्यांच्या भाषेत ‘व्यक्त’ गणित, आणि बीजगणित हे ‘अव्यक्त’ गणित. अज्ञात संख्येला ते ‘यावत्-तावत्’ म्हणत. यावत्-तावत् म्हणजे जितके असेल तितके! लिहिताना त्याचे पहिले अक्षर ‘या’ एवढेच लिहीत. आणि एकाहून अधिक संख्या अज्ञात असल्या, तर पुढच्यांना रंगांची नावे देत : कालक, नीलक, पीतक. आपण दोन बाजूंच्या मध्ये काढतो ते बरोबरचे चिन्ह त्यांच्याजवळ नव्हते. ते १५५७ साली इंग्लंडात रॉबर्ट रेकॉर्डने आपल्या पुस्तकात वापरले. भास्कराचार्य दोन बाजू एकीखाली एक मांडीत. ‘जितके असेल तितके’ एवढे जरी त्या दिवशी कोणी त्या मुलाला सांगितले असते, तरी त्याचे चार महिने वाया गेले नसते. पण मास्तरांना पुस्तक संपवावयाचे होते.

मुलाने पुन्हा हात वर केला नाही. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा नियम त्याने मंत्रासारखा पाठ केला. तो कधी लागू पडे, कधी पडत नसे. एका संख्येत सात मिळवले असता एकोणीस होतात, तर ती संख्या कोणती, असे विचारले की तो सरळ ‘बारा’ लिही. रीत न दाखवल्याबद्दल मास्तर गुण देत नसत. सहामाही परीक्षेत त्याला शंभरांपैकी बावीस गुण मिळाले. प्रगतिपुस्तकावर आजोबांची सही आणावयाची होती. ते दप्तराच्या तळाशीच राहिले.

आजोबांनाही ते वर्ष सुखाचे गेले नव्हते. त्याच वर्षी १ एप्रिलपासून सरकारने दशमान नाणी सुरू केली होती. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुने आणेही काही काळ चालणारच होते. तेव्हा कशाचे किती, याचे कोष्टक आले : एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. शंभरास सोळांनी भागले तर सव्वासहा येतात. पाव पैशाचे नाणे तर कोठेच नाही. म्हणून ही ओढाताण. गिऱ्हाइके दारात उभी राहून वाद घालीत. ज्या माणसाचा हिशेब साऱ्या पेठेत कधी चुकला नव्हता, तो आता चष्मा लावून भिंतीवरचे कोष्टक पाहू लागला. शेर आणि मण तेवढे अजून जागेवर होते. त्यांची पाळी पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने यावयाची होती.

दुकानात हाताखाली एक मुलगा होता. वयाने नातवाएवढाच, चौथीनंतर त्याची शाळा सुटली होती. चहाच्या एकेक आण्याच्या पुड्या तो विकी. हा हिशेब घाऊक व्यापाऱ्याला द्यावयाचा असल्यामुळे त्याचे पैसे निराळ्या डब्यात पडत, आणि त्या डब्याची किल्ली खुंटीला टांगलेली असे. दिवाळीनंतरच्या एका आठवड्यात बरोबर शंभर पुड्या गेल्या. शंभर आणे म्हणजे सहा रुपये चार आणे, म्हणजेच सहाशेपंचवीस नवे पैसे. डब्यात भरले सहाशेसात. आजोबांनी दोनदा मोजले. अठरा नवे पैसे, म्हणजे जवळजवळ तीन आणे, कमी होते.

ते कोणाला काही बोलले नाहीत. फक्त खुंटीवरची किल्ली काढून त्यांनी आपल्या करगोट्याला बांधली.

दुकानातल्या मुलाने ते पाहिले. तो खांबाजवळ जाऊन उभा राहिला. त्या संध्याकाळी त्याने गिऱ्हाइकांकडे मान वर करून पाहिले नाही. नातवाने मात्र त्याच्याकडे पाहिले; आणि वर्ग हसला होता त्या दिवसाची त्याला आठवण झाली.

आजोबा तेव्हा गूळ तोलीत होते. एका पारड्यात शेराचे वजन होते. दुसऱ्या पारड्यातला गुळाचा खडा थोडा कमी पडत होता, म्हणून त्यांनी त्याच पारड्यात पावशेराचे वजन टाकले. काटा मध्यावर आला. ‘‘पाऊणशेर आहे,’’ ते म्हणाले आणि त्यांनी खडा उचलून दिला. नातू त्या तराजूकडे पाहतच राहिला. खड्याचे वजन ठाऊक नसतानाच तो पारड्यात घातला होता! तो किती आहे हे कळेपर्यंत कोणी थांबले नव्हते. जितके असेल तितके त्याचे वजन पारड्याने मुकाट्याने धरले होते, आणि दोन्ही पारडी समान झाल्यावर ते आपोआप उघडकीस आले होते. दोन्ही बाजूंतून सारखेच काढले, तर काटा हलावयाचा नाही. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ याचा अर्थ एवढाच होता.

त्याने कोपऱ्यातली पाटी घेतली. पैसे कोठे गेले हे त्याला ठाऊक नव्हते. तेव्हा त्याने ते लिहिले नाही. किती पुड्यांचे नवे पैसे आले आणि किती पुड्यांचे जुने आणे आले, हेही त्याला ठाऊक नव्हते. पण त्याला नाव देता येत होते. समजा, नव्या पैशांनी क्ष पुड्या गेल्या. त्यांचे प्रत्येकी सहा. उरलेल्या पुड्या शंभर वजा क्ष. त्यांचे प्रत्येकी सव्वासहा. दोन्हींची बेरीज सहाशेसात. त्याने एकेक पायरी लिहून काढली. या वेळी कोणी गुण देणार म्हणून नव्हे, तर पायरी चुकली तर पारडे कलेल म्हणून. पाटीवर उरले ते असे : सहाशेपंचवीसमधून क्षचा पाव गेला, तर सहाशेसात राहतात. म्हणजे क्षचा पाव हिस्सा अठरा. आणि क्ष बहात्तर.

‘‘आजोबा,’’ तो म्हणाला, ‘‘बहात्तर पुड्यांचे नवे पैसे आले आहेत. प्रत्येक पुडीमागे आपणच पाव पैसा कमी घेतला. कोष्टकानेच घेतला.’’

आजोबांचा हात तराजूवरच थांबला. ‘‘बहात्तर पाव अठरा,’’ ते हळूच म्हणाले. जन्मभर पावकी म्हणून झालेल्या माणसाला त्यासाठी पाटी पाहावी लागली नाही. पण त्यांचा चेहरा उतरला. पाव पैशाचे नाणे नसते म्हणून त्यांनी तो पाव सोडून दिला होता. आणि त्या पावाने त्यांना एका पोरक्या दृष्टीसमोर उभे केले होते.

‘‘तर मग जुने आणे अठ्ठावीस असावयास हवेत,’’ नातू म्हणाला.

जुने आणे एका फडक्यात बांधून ठेवलेले होते. वहीत एकूण रक्कम तेवढी लिहिली होती, नाणी किती हे नव्हते. आजोबांनी गाठ सोडली, आणि फडके गादीवर पसरून दुकानातल्या मुलाला हाक मारली. ‘‘ये, तूच मोज.’’

तो पुढे आला. कडा नागमोडी असलेली ती नाणी एकेक करून त्याने बाजूला सारली. पंचवीसनंतर त्याचा आवाज बारीक झाला. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस. फडके रिकामे झाले.

आजोबांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि स्वतः उठून खुंटीला लावली. मुलाच्या पाठीवर त्यांनी एकदा हात ठेवला. ‘‘चूक माझी होती, बरे का,’’ ते म्हणाले. पेठेत त्यांच्या तोंडून हे वाक्य पूर्वी कोणी ऐकले नसावे. चार पुड्या एकदम घेणाऱ्यास पंचवीस नवे पैसे, एक घेणाऱ्याचे मात्र सहाच, आणि त्यातली तूट दुकानाने सोसावयाची, असे त्यांनी त्याच रात्री वहीत लिहून ठेवले.

नातवाने दप्तराच्या तळातून प्रगतिपुस्तक काढून पुढे ठेवले. आजोबांनी चष्मा लावून ते वाचले. ‘‘हे बावीस कशाचे?’’

‘‘याचेच,’’ तो पाटीकडे बोट दाखवून म्हणाला.

आजोबांनी पाटीकडे पाहिले, मग पुस्तकाकडे. आणि काही न बोलता सही केली.

दुकानाच्या फळ्या लावून झाल्या. तरी दुकानातला मुलगा घरी जाण्यास निघेना. पाटीवरच्या अक्षराशी तो बराच वेळ उभा होता. शेवटी त्याने विचारले, ‘‘हा क्ष म्हणजे किती रे?’’

नातू हसला नाही. त्याने गुळाचा एक खडा उचलला, तराजू पुढे ओढला आणि तो खडा डाव्या पारड्यात ठेवला.