उभें पान, आडवें पान

माझ्या पुतण्यानें पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यासाठीं मोबाईलवरचें ॲप तयार केलें. मूर्ति पाहावी, उंची निवडावी, रंगाविषयीं चार शब्द लिहावे आणि मागणी नोंदवावी, एवढाच त्याचा व्यवहार. फोनच्या पोटांत गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा एक सूक्ष्म भाग असतो. फोन कलला कीं चित्रहि फिरतें. पुतण्यानें मात्र एका ओळीच्या आज्ञेनें तें फिरणें बंद केलें होतें.

“काका, गणपति काय आडवा दाखवूं?” तो म्हणाला. खरें कारण निराळें होतें. अँड्रॉइडमध्यें फोन फिरला कीं चालू पान सहसा मोडून नव्यानें उभारलें जातें. जपण्याची तजवीज नसेल तर लिहिलेला मजकूर नाहींसा होतो. त्या तजविजीस आठ दिवस लागले असते. बंदीस एक ओळ पुरली. मलाहि तें पटलें. कुशीवर पडून वाचतांना पडदा फिरला कीं माझाहि संताप होतो.

श्रावणांत अक्का आली. अर्धांगवायूपासून ती चाकांच्या खुर्चीवर असते आणि तिचा फोन खुर्चीच्या हातावर आडवा बसविलेला आहे. घरचा गणपति निवडण्याचा आणि कारखान्यांत पाट नेऊन देण्याचा मान लहानपणापासून तिचा. तिनें ॲप उघडलें, तों गणपति कुशीवर निजलेला! मान वांकडी करून ती थोडा वेळ पाहत राहिली. मग हंसून म्हणाली, “अरे, मला वळतां येत नाहीं म्हणून फोन खुर्चीला बांधला. आतां तुझा बाप्पाहि वळेना!”

पुतण्या कांहीं बोलला नाहीं; मीहि नाहीं.

वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमनें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या सुगमतेच्या नियमांत हेंच सांगितलें आहे : अगदीं अपरिहार्य नसेल तर मजकूर एकाच दिशेस जखडूं नये. पियानोच्या पट्ट्या किंवा बँकेचा चेक यांना सूट आहे. २०२५ सालच्या अँड्रॉइड १६ नेंहि, त्या आवृत्तीसाठीं बांधलेल्या ॲपांची ही बंदी मोठ्या पडद्यांवर सामान्यतः मानण्याचें सोडलें. खेळ तेवढे वगळले.

आमच्या देवघरांत पोथी आडवी, कपाटांत पुस्तक उभें. ताडपत्र आडवें, म्हणून पोथीहि आडवी झाली. पान वळत नसे, म्हणून वाचणारा वळे. माणसाकडे पाहून वळणारें पान आतां कोठें हातीं आलें, आणि आम्ही तें आपल्या सोयीसाठीं खिळून टाकलें!

पुतण्यानें ती ओळ काढली. आठ दिवस खपून मजकूर जपण्याची सोय केली. आडव्या पडद्यावर डावीकडे मूर्ति, उजवीकडे मागणीचा तक्ता आला. अक्कानें गणपति निवडला. पाट तिच्या मांडीवर ठेवून कारखान्यापर्यंत खुर्ची त्यानेंच ढकलीत नेली.