गाडीचं ऑइल आणि अब्बांचे हात

वादात मुद्दे संपले की समोरचा माणूस आपल्याला उद्देशून एक शब्द हमखास काढतो : पंक्चरवाला. समाजमाध्यमांवर तर ती आता शिवीच झाली आहे. त्यावर आपल्यातली शिकलेली मुलं बहुतेक एकच उत्तर देतात. ती आपल्यातले डॉक्टर, वकील, अधिकारी मोजून दाखवतात. ‘हो, माझे वडील मिस्त्री आहेत, मग?’ असं म्हणणारा क्वचितच भेटतो.

माझे अब्बा सोलापुरात चाळीस वर्षं गाड्यांचे मिस्त्री होते. अ‍ॅम्बेसेडर, फियाट, नंतर मारुती. शिक्षण चौथीपर्यंत. मी कॉलेजात शिकवतो. लहानपणी त्यांचा डबा घेऊन गॅरेजवर जायचो, पण पान्याला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. ‘तू नको कर बाबा, तू पढ,’ एवढंच म्हणायचे. त्यामुळे मी शिकलो हे खरं. पण बापाला येणारं काम मुलाला अजिबात येत नाही, अशी पिढी त्यातूनच तयार झाली, हेही खरं.

चार वर्षांपूर्वी मी घरच्या अंगणात स्वतःच्या गाडीचं ऑइल बदलायचं ठरवलं, तेव्हा अब्बा वैतागले. ‘इसके वास्ते पढाया क्या तेरेकू?’ मी म्हटलं, ‘अब्बा, पैसे वाचवायला नाही करत. तुम्ही शिकवा, मला शिकायचंय.’ ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसले.

आता दर वर्षी हे काम होतं. आजच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांना वर्षातून एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला, जे आधी होईल तेव्हा, ऑइल बदलावं लागतं. ऑइल इंजिनाच्या भागांमधलं घर्षण कमी करतं, उष्णता वाहून नेतं आणि काजळी स्वतःत धरून ठेवतं. म्हणून ते काळं पडतं. ‘काला हुआ मतलब काम किया,’ असं अब्बा म्हणतात. नुसत्या रंगावरून ऑइल खराब झालं म्हणणाऱ्या मिस्त्रीवर त्यांचा विश्वास नाही.

कोणतं ऑइल घालायचं, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं ते सांगतो. अब्बांच्या काळातल्या गाड्यांना दाट ऑइल लागायचं. सोलापूरच्या उन्हात पातळ ऑइल कसं टिकणार, अशी शंका त्यांनी काढली होती. नव्या इंजिनांतल्या फटी बारीक असतात, पातळ ऑइल लवकर वर पोचतं, हे मी पुस्तिकेतून वाचून दाखवलं तेव्हा त्यांना पटलं.

बाकी सगळं त्यांनी मला शिकवलं. इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून बंद करायचं, म्हणजे ऑइल पातळ होऊन घाण घेऊन खाली येतं. फार तापलेलं असेल तर हात भाजतो, म्हणून थोडं थांबायचं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. पुढून जॅकने उचलल्यावर खाली मजबूत स्टँड लावायचे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचं नाही. हा नियम सांगताना अब्बांचा आवाज बदलतो. घसरलेला जॅक त्यांनी पाहिला आहे.

मग चेंबरचा नट. कोणत्या गाडीला चौदाचा पाना लागतो, कोणत्या गाडीला सतराचा. वर ऑइल भरायचं झाकण सैल केलं की खाली धार मोकळी पडते. नट परत लावताना वॉशर नवा घालायचा आणि पहिले आटे हातानेच बसवायचे. चेंबरचे आटे गेले तर दोन मिनिटांच्या कामाचं दोन दिवसांचं काम होतं. फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बघायचं. ती राहिली आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर ऑइल गळून इंजिन जाऊ शकतं. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने ऑइल लावायचं आणि तो हातानेच आवळायचा. रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरतो. पान्याने आवळणारा मिस्त्री कच्चा, असं अब्बांचं मत.

ऑइल आधी थोडं कमीच भरायचं. इंजिन मिनिटभर चालवून बंद करायचं, गळती बघायची, थोडं थांबून डिपस्टिक काढायची. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असलं की पुरे. त्याहून जास्त झालं तर फिरत्या क्रँकशाफ्टने ऑइलाला फेस येतो आणि फेसाळलेलं ऑइल इंजिनाला वंगण देत नाही. शेवटी तारीख आणि किलोमीटर वहीत लिहायचे. वॉरंटीतली गाडी असेल तर ऑइल-फिल्टरची बिलंही जपून ठेवायची.

हे सगळं अब्बांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. उस्तादाकडे बघत, त्याच्या शिव्या खात ते शिकले. ज्याला आपण अडाण्याचं काम म्हणतो, त्यात एवढं जाणावं लागतं.

अब्बांचे हात मात्र कधी स्वच्छ झाले नाहीत. शुक्रवारी बारानंतर त्यांचं हात धुणं सुरू व्हायचं. आधी रॉकेलचा बोळा, मग लाकडाचा भुसा आणि कपड्यांची पावडर, शेवटी साबण. वजूचं पाणी कातडीला लागायला हवं, मध्ये तेलाचा थर नको, म्हणून ते घासत राहायचे. तरी नखांच्या कडेला काळी रेघ उरायचीच. मी हातमोजे घालतो, त्याचं त्यांना हसू येतं. पण वापरलेल्या ऑइलात ज्वलनातून आलेले घातक पदार्थ असतात. वर्षानुवर्षं ते कातडीला लागत राहिलं तर त्वचेचे आजार होतात, कर्करोगाचाही धोका असतो. गॅरेजमधल्या पोरांना हे कोण सांगतं? मोज्यांचं एक खोकं महाग नसतं.

तेच ऑइल गटारात किंवा मातीत ओतलं तर पाण्यात जातं. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. त्यावर प्रक्रिया करून पुन्हा चांगलं ऑइल बनवता येतं. आपल्याकडे मात्र ‘जळकं ऑइल’ म्हणून ते सेंट्रिंगच्या प्लेटांना आणि वाळवी लागू नये म्हणून लाकडांना फासलं जातं. मी ते कॅनमध्ये भरून, फिल्टर नीट निथळवून, जिथून अधिकृत पुनर्प्रक्रियेला जातं अशा ठिकाणी देतो. घरी ऑइल बदलणाऱ्याने ही सोय आधी बघावी, मग पाना हातात घ्यावा.

२००६ च्या सच्चर अहवालात एक गोष्ट स्पष्ट आहे. मुस्लिमांमध्ये नोकरीपेक्षा स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांहून जास्त आहे. गॅरेज, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग ही कामं आपली पोरं हौसेने निवडतात असं नाही. नोकरीचं आणि कर्जाचं दार उघडत नाही, तेव्हा हातातलं कसब हेच भांडवल उरतं.

म्हणून पंक्चरवाला या शिवीला डॉक्टरांची यादी हे उत्तर नाही. त्या यादीने आपण एवढंच सांगतो की मिस्त्री खरंच हलका असतो, फक्त आम्ही सगळे मिस्त्री नाही. आणि मिस्त्रीचं नुसतं कौतुक करूनही भागणार नाही. चौदा वर्षांचं पोर गॅरेजात नाही, शाळेत हवं. ज्याला हेच काम आवडतं त्याच्यासाठी आयटीआयचा दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांसाठी अनुभव तपासून प्रमाणपत्र देण्याचीही सरकारी सोय आहे. मोहल्ल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

घाई करायला हवी, कारण इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल लागत नाही आणि ऑइल फिल्टरही नसतो. हे अब्बांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, ‘फिर पोरांनी क्या करना?’ बॅटरी आणि मोटरचं काम शिकायला हवं, असं मी म्हणालो. त्यांचा पुढचा प्रश्न होता, ‘कौन सिखाएगा?’ तो प्रश्न मी इथे मांडतो आहे, कारण आपल्यातले इंजिनिअर, प्राध्यापक आणि संस्थाचालकही हे वाचतात.