अडीच दिवसांवरचा समुद्र

हिंगणघाटच्या माणसाला 'समुद्र' म्हटलं की आठवतो तो सीझनमध्ये बाजार समितीच्या यार्डात पसरलेला पांढराशुभ्र कापूस! खऱ्या समुद्राकडं जायला तसा रस्ता आहे. नॅशनल हायवे ४४ आमच्या गावावरूनच जातो, दक्षिणेला सुटलात तर थेट कन्याकुमारी. पण मला कोकण हवं होतं. तेही एकट्यानं, बाईकवर आणि हॉटेल बुकिंगशिवाय.

"रात्री झोपशीन कुठी?" आईचा पहिला प्रश्न.

"तंबूत."

"काऊन? तिथं लोकाईचे घरं नाहीत का?"

तेव्हा मी हसलो होतो. पण कोकणात एकट्यानं कॅम्पिंग करायचं असेल, तर मुद्द्याचा प्रश्न हाच आहे, बॉस!

हिंगणघाटचं समुद्राशी एक जुनं नातंही आहे. विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ मध्ये मद्रासजवळ भारताच्या महासर्वेक्षणाची पहिली रेषा मोजली. मग मोजणी करत करत तो उत्तरेकडं सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर आमच्या गावात आहे. किनाऱ्यापासून आमच्यापर्यंत यायला त्याला वीस वर्षं लागली. मला किनारा गाठायला लागले अडीच दिवस. 'समृद्धी'नं का नाही गेलास, असं ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. त्या एक्स्प्रेस वेवर टू-व्हीलरला बंदी आहे, भाऊ! मग वर्धा, यवतमाळ, जालना, पुणे असं करत ताम्हिणी घाट उतरलो. माणगाव, म्हसळा मागे टाकलं आणि दिवेआगरच्या सुरूच्या बनामागून तो आवाज ऐकू आला...

पाऊणपटीचं गणित

तंबू ठोकायचा कुठं? फोटोंमध्ये तो नेहमी पाण्याला खेटून असतो. दिवेआगरला वाडीच्या मालकांना विचारलं, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "आज तिथी काय?"

आता सॅलरीची तारीख सोडून आपल्याला काय ठाऊक असतं? त्या दिवशी होती अष्टमी. काकांनी गणित समजावलं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी सगळ्यात वर. अष्टमीच्या आसपास 'भांगाची' भरती असते, पाणी फार चढत नाही. अमावस्या-पौर्णिमेला 'उधाण', तेव्हा पाणी कुठवर येईल ते गावकऱ्यांनाच विचारावं. मोबाईलवर भरतीचं टाइमटेबल मिळतं, मान्य. पण रेंज गेली की पाऊणपटच कामाला येते!

शेवटी तंबू लागला काकांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत, विहिरीच्या शेजारी. रात्री जेवायला घरच्यांच्याच पंगतीत तांदळाची भाकरी आणि सोलकढी. आईला फोन करून सांगितलं, "लोकाईचं घर सापडलं."

वाळूत टायर? नको!

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला पोचलो. तिथून फेरीबोटीत बाईक टाकली, की पलीकडं वेश्वी. पुढं बाणकोटचा किल्ला आणि मग वेळास. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव आता कासवांसाठी जास्त प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं २००२ मध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन इथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला सुरुवात केली.

मादी रात्री वाळूत येते, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालून परत जाते. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात आणि उजेडाच्या रोखानं धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ असतो तो समुद्र. तिथं तुमचा हेडलाइट चमकला, तर त्यांची दिशाच चुकते. वाळूत बाईक पळवण्याचा व्हिडिओ कितीही भन्नाट दिसो, त्या टायरखाली काय असेल हे वरून कळत नाही. त्यामुळं बाईक डांबरावर, तंबू गावात आणि किनाऱ्यावर फक्त पाय. मी हेडटॉर्चही बंद ठेवला. नवमीचं चांदणं पुरेसं होतं.

जेट्टीवरचा अर्धा तास

केळशी, आंजर्ले, हर्णे... वळणागणिक डावीकडं डोंगर आणि उजवीकडं निळं पाणी. पण या रस्त्यावर स्पीड तुमच्या हातात नसतो. खाडी आली की थांबायचं. दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरी २००३ मध्ये सुरू झाली. ती नसेल तर गुहागर गाठायला चिपळूणकडून केवढा तरी वळसा. पुढं तवसाळ-जयगडला पुन्हा तेच. बोट पलीकडं असते, तुम्ही अलीकडं. मग चहा घ्यायचा आणि बोलायचं. एकट्यानं फिरताना सगळ्यात जास्त गप्पा मी जेट्ट्यांवरच मारल्या.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाच्या योजनेत या मोठ्या खाड्यांवर पूल आहेत. ते ऐकून मला वाईट वाटलं. फेरी गेली तर मजाच गेली की! मी तसं बोलूनही दाखवलं. चहावाले दादा ग्लास विसळत म्हणाले, "तुमची मजा खरी आहे हो. पूल झाला तर माझी टपरीसुद्धा बसेल. पण रात्री फेरी बंद असते. घरात पोर तापानं फणफणलं, की वळसा घालून आम्हीच जातो, तुम्ही नाही."

यावर मला बोलता येईना. टूरिस्टला जे 'स्लो ट्रॅव्हल' वाटतं, ते इथल्या माणसासाठी कधीकधी नुसतंच उशीर असतं. पूल व्हायलाच हवेत. आपण फार तर एवढंच करू शकतो, की पूल झाल्यावरही खाडीपाशी गाडी थांबवायची आणि चहा प्यायचा. दादांची टपरी तेवढ्यानं वाचली, तर उत्तमच.

तर मंडळी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मस्त सीझन. तंबू, पंक्चर किट, जास्तीचा क्लच वायर आणि सुटे पैसे घ्या. अंधार पडायच्या आत गावात पोचा, जागेच्या मालकाला विचारा, जेवण त्यांच्याकडंच घ्या आणि सकाळी निघताना कचरा सोबत न्या. निघण्याआधी दिनदर्शिकेत तिथी बघायला विसरू नका. सुट्टीच्या अर्जावर तारीख चालते, समुद्राला तिथीच लागते!