पाच दिव्यांची साक्ष

गोमंतकात देवचाराविषयी अथवा राखणदाराविषयी बोलताना वडीलधारी माणसे आवाज हलका करीत. त्यांचे माप घ्यावे असे मात्र कोणाच्या मनात आले नाही. आजची तरुण मंडळी मापावाचून काही मानावयास तयार नाहीत. ही वृत्ती आम्हांस मुळीच नापसंत नाही. फक्त माप घेणाऱ्याने आपले यंत्र नेमके काय मोजते एवढे आधी जाणून घ्यावे, असे आमचे म्हणणे आहे.

हे सांगण्याचे कारण आमच्या घरातच घडले. फोंड्याकडील आमच्या मूळ घरी काकू एकट्या राहतात. माजघराला लागून बाळंतिणीची खोली आहे. आमच्या आजोबांचे पहिले कुटुंब तेथेच बाळंतपणात गेले. पुढे त्या खोलीत अळवंतीण आहे अशी बोलवा झाली. तिच्या भयाने कामाची बाई टिकेना, आणि 'असले घर ठेवायचे कशाला?' असे घरातील धाकटी मंडळी उघड बोलू लागली. अशा वेळी आमचा भाचा सुटीत आला. भूतशोधनाचा छंद त्यास नवाच लागला होता. 'मामा, परवडेल असे यंत्र सुचवा. एकदा सोक्षमोक्ष लावू,' असा त्याने आग्रह धरला.

आम्ही त्यास प्रथम यंत्राचे कूळ सांगितले. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. घरातील वीज आपली दिशा सतत पालटत असल्याने ते क्षेत्रही पालटते, आणि यंत्रातील वेटोळे ते टिपते. ही यंत्रे तारा व विजेची उपकरणे तपासण्यासाठी झाली. भूत त्यांच्या गळ्यात मागाहून पडले. कॅनडातील मायकेल पर्सिंजर यांनी १९८० नंतरच्या दशकात असे मांडले की, डोक्याभोवती सौम्य चुंबकीय क्षेत्र फिरविल्यास जवळ कोणीतरी असल्याचा भास होतो. स्वीडनमध्ये उप्साला येथील संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला. क्षेत्र केव्हा चालू आहे हे प्रयोग करणारा व करवून घेणारा या दोघांपासूनही लपविले. २००५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, भास होणे हे माणसाच्या सूचनावश स्वभावावर अवलंबून असते, क्षेत्रावर नव्हे. परंतु २००४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'घोस्ट हंटर्स' ही मालिका सुरू झाली. तिचे नायक नळदुरुस्तीचा व्यवसाय करणारे दोन गृहस्थ. अशा मालिकांनी हे यंत्र घरोघर पोचविले.

आता खरेदीविषयी. पाच रंगीत दिव्यांचे 'के-टू' नावाचे यंत्र या छंदात फार लोकप्रिय आहे. दिवे अंधारात शोभतात. परंतु ते केवळ टप्पे दाखवितात, आकडा देत नाहीत. पूर्वीच्या नमुन्यात कळ अंगठ्याने दाबून धरावी लागे, आणि अंगठा ढिला पडला तरी दिवे लुकलुकत. शिवाय यंत्र एकाच अक्षाचे असल्याने हात वळला की माप बदलते. म्हणून थोडक्या पैशांत घ्यावयाचे तर आकडा दाखविणारे घ्यावे. तीन अक्षांचे परवडल्यास उत्तम. नाही तर एका अक्षाचे घेऊन तिन्ही दिशांस धरावे व सर्वांत मोठा आकडा टिपावा. माप मिलिगॉसमध्ये की मायक्रोटेस्लामध्ये हे पाहावे. दहा मिलिगॉस म्हणजे एक मायक्रोटेस्ला. अमेरिकेत विजेची आवर्तने सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. तेव्हा यंत्र ५० आवर्तनांसही नीट मोजते ना, हे माहितीपत्रकात वाचावे. मोबाईल फोन बरोबर ठेवू नये. त्याच्या लहरींनी पुष्कळ यंत्रे भडकतात.

भाच्याने आकड्याचे, एका अक्षाचे यंत्र आणले. खोलीच्या मध्यभागी आकडा एकाच्याही खाली होता. पश्चिमेच्या भिंतीपाशी तो चौदा मिलिगॉसवर गेला. भाच्याचा चेहरा उजळला, काकूंचा उतरला. आम्ही घराचा मुख्य स्विच बंद करावयास सांगितले. आकडा शून्यावर आला. स्विच लावताच पुन्हा चौदा.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलाविले. त्या भिंतीतून विहिरीच्या पंपाची तार जात होती. वीज नेणारी व परत आणणारी तार शेजारी शेजारी असल्या की त्यांची क्षेत्रे परस्परांस बहुतांशी मारतात. येथे कोणी तरी दुरुस्ती करताना परतीची तार वेगळ्याच वाटेने नेली होती. शिवाय ओलीने तारेवरचे आवरण कुजले होते. पावसाळ्यात त्या भिंतीस कोणाचा हात लागता तर प्राणावर बेतले असते, असे वायरमन म्हणाला.

यंत्राने खोलीत भूत नाही असे सिद्ध केले, असे आम्ही म्हणणार नाही. तो तारेचा साक्षीदार, तारेपुरतेच बोलतो. परंतु त्या पाच रंगीत दिव्यांतील एखादा लाल दिवा त्या रात्री पेटला असता आणि कोणी स्विच बंद केला नसता, तर एका वृद्ध स्त्रीचे घर गेले असते. आणि वीस वर्षांच्या वयात प्राणास मुकलेल्या एका सुवासिनीवर अळवंतीण हा शिक्का कायमचा बसला असता. परक्याच्या मृतास आपण भूत म्हणतो, आपल्या मृतास पितर. तिला घरच्यांनीच परकी केली होती. आजोबा होते तोवर तिची अविधवा नवमी होत असे. ते गेल्यावर रीतीप्रमाणे तीही थांबली, आणि तिचे नाव घेणारे कोणी उरले नाही.

भाच्याने वहीत भिंतीपुढे आकडा लिहिला, आणि मग काकूंना विचारले, 'आजी, तिचे नाव काय होते?' काकूंनी सांगितले. माहेरचे निराळे, सासरचे निराळे. त्याने दोन्ही लिहून घेतली.