गोल पाया

मुलांनो, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात शनिशिंगणापूर नावाचे गाव आहे. तेथे घरांना परंपरेने दारे लावत नाहीत. २०११ साली एका बँकेनेही तेथे बिनकुलपाची शाखा उघडली. पण पाया तेथील घरांनाही लागतोच. माझे अब्बा गवंडी होते. ते म्हणत, "दारावाचून घर चालेल, पायावाचून चालणार नाही."

समजा, पाण्याच्या टाकीखाली २.८ मीटर व्यासाचा, १५ सेंटिमीटर जाडीचा गोल ओटा करायचा आहे. व्यासाच्या निम्मी त्रिज्या. तिलाच उर्दूत तुम्ही निस्फ कुतर म्हणता. ती १.४ मीटर. तिचा वर्ग १.९६. त्याला २२/७ ने गुणले की क्षेत्रफळ ६.१६ चौरस मीटर येते. जाडीने गुणले की सुमारे ०.९२ घनमीटर काँक्रीट. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी घेतली, तर सिमेंटच्या सुमारे सहा गोण्या लागतात. त्रिज्येऐवजी व्यास धरला तर हिशोब चौपट होतो आणि गरिबाचा पैसा वाया जातो.

माल कमी पडला तर? अर्धा ओटा आज व अर्धा उद्या ओतला, की मध्ये सांधा राहतो आणि तेथेच तडा जातो. म्हणून माल आधी मोजावा, एका दमात ओतावा आणि ओटा निदान सात दिवस ओला ठेवावा.

पाया मातीखाली गेला, की एक गोणी कमी घातलेली कोणाला दिसत नाही. बिनदाराच्या घरासारखे तेथेही सारे इमानावर चालते. गणित तुम्हांला आकडा देईल. तेवढे सिमेंट घालणे तुमच्या हाती आहे.